लहान शाळेचा निकाल व तिचा पट

वार्षिक तपासणीच्या वेळी शाळेसंबंधी दोन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. पहिली, मुलांनी अभ्यासात किती प्रगती केली ही. आणि दुसरी, शाळेच्या पटावर किती मुले आहेत ही. या दोन्ही गोष्टींची नोंद निरनिराळ्या तक्त्यांत होते व ती तशीच वर पाठविली जाते. निकालाचा तक्ता वाचणारा बहुधा पटाचा तक्ता उघडीत नाही, आणि पटाचा तक्ता वाचणारा निकालाकडे वळत नाही. मोठ्या शाळेच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नसेल. परंतु ज्या शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत मिळून वीस-पंचवीस मुले आहेत, तेथे पट बाजूस ठेवून निकाल वाचणे म्हणजे अर्धेच वाक्य वाचून अर्थ लावण्यासारखे होय. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वाड्यावस्त्यांवरील अशा शाळा पुष्कळ आहेत. यास्तव त्यांचा निकाल कसा वाचावा आणि पटाशी त्याची सांगड कशी घालावी, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने केला पाहिजे.

जिल्ह्यातील पूर्वपीठिका

हा प्रश्न या भागास नवा नाही. १९२९ साली हार्टोग समितीने हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाच्या स्थितीसंबंधी एक आकडा पुढे ठेवला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलामुलींमागे १९२५-२६ साली चौथीत केवळ अठरा आढळली, असा तो आकडा होता. शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच मुलाने शाळा सोडणे आणि एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे अडकून पडणे, हे दोन दोष समितीने निरनिराळे दाखविले. तेव्हापासून गळतीची चर्चा शिक्षणक्षेत्रात कायमची झाली.

मात्र हा आकडा दोन वर्षांचे पट शेजारी ठेवून काढलेला होता. एकेका मुलाचा माग घेऊन काढलेला नव्हता. पहिलीच्या पटावर त्या वर्षी नव्याने आलेल्या मुलांबरोबर आदल्या वर्षी त्याच इयत्तेत राहिलेली मुलेही असतात. त्यामुळे नुसत्या दोन बेरजांवरून कोणते मूल कोठे गेले हे कळत नाही. ते कळण्यासाठी गावागावांत जाऊन मुलांची चौकशी करावी लागते. असे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने याच जिल्ह्यात केले. शाळा सोडलेली माणसे पुढे लिहिणे-वाचणे विसरतात काय, या प्रश्नाचा सातारा जिल्ह्यातील शोध प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली घेण्यात येऊन त्याचा अहवाल १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५५ साली प्रा. गाडगीळ व प्रा. वि. म. दांडेकर यांच्या नावे सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणासंबंधी दोन पाहण्यांचा अहवाल निघाला. शाळेची खरी स्थिती मुलाच्या मागोमाग गेल्याखेरीज कळत नाही, हा विचार या मातीत इतका जुना आहे.

त्याच काळात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य या भागात वाढत होते. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगाव व नेर्ले या गावी त्यांच्या वसतिगृहांच्या कार्यास आरंभ झाला. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. पुढे सरकारी अनुदान व संस्थेची व्यवस्था यांच्या मेळातून लहान गावी व्हॉलंटरी शाळा उघडण्यात आल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली होती, असे संस्थेच्या इतिहासात नमूद आहे. जेथे शाळाच नव्हती तेथे ती पोहोचविणे, हा या शाळांचा हेतू होता. त्यांच्या पटावर आलेली मुले बहुतांशी घराण्यात प्रथमच पाटी हाती धरणारी होती. अशा शाळेचा निकाल शहरातील जुन्या शाळेच्या निकालाशेजारी मांडून तिची किंमत करावयाची म्हटले, तर तिने केलेले सर्वांत मोठे काम हिशेबातून निसटून जाईल.

सार्वजनिक पैशावर चालणारी, परंतु व्यवस्थेत स्वतंत्र असलेली शाळा पुढे अन्य देशांतही निघाली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ साली अशा शाळांसाठी कायदा केला. शाळेने करार करावा, ठरलेले काम करून दाखवावे आणि त्याबद्दल जबाबदार राहावे, अशी ती पद्धत आहे. तेथे त्यांस चार्टर शाळा म्हणतात. त्या शाळांसंबंधी तेथे जो वाद चालत आला आहे, त्याचे मूळही हेच आहे. शाळेचा निकाल चांगला दिसला, तर तो अध्यापनामुळे चांगला आहे की तेथे येणाऱ्या मुलांमुळे, हे कसे ठरवावे? आणि निकाल वाईट दिसला, तर दोष कोणाचा?

लहान पटाचे गणित

प्रथम केवळ संख्येचा विचार करू. एका शाळेत चौथीत आठ मुले आहेत असे धरावे. त्यांपैकी पाच मुलांस परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता आला, तर निकाल साडेबासष्ट टक्के होतो. पुढील वर्षीच्या आठांपैकी सात मुलांस ते जमले, तर निकाल साडेसत्त्याऐंशी टक्के होतो. कागदावर पंचवीस टक्क्यांची वाढ दिसते. प्रत्यक्षात फरक दोन मुलांचा आहे. चौथीत ऐंशी मुले असलेल्या शाळेस एवढीच वाढ दाखवावयाची झाल्यास आणखी वीस मुले वाचती करावी लागतील. लहान शाळेत एकेक मूल साडेबारा टक्क्यांचे असते. परीक्षेच्या दिवशी त्यांतील एकास ताप आला, तरी शाळेचा निकाल घसरतो.

याहून थोडी खोल गोष्ट अशी. शिक्षकाचे अध्यापन वर्षानुवर्षे एकाच तोलाचे आहे आणि त्यामुळे सामान्यतः चारांपैकी तीन मुले वाचू लागतात, असे समजावे. असे असले तरी आठ मुलांच्या वर्गात दरवर्षी नेमकी सहाच मुले यशस्वी होणार नाहीत. गणिताने पाहता साधारण दहा वर्षांतून एकदा आठांपैकी आठही मुले यशस्वी होतील आणि साधारण नऊ वर्षांतून एकदा चार किंवा त्याहून कमी होतील. शिक्षक तोच, शिकविणे तेच. तरी एका वर्षी शाळेचा सत्कार होईल आणि दुसऱ्या वर्षी शिक्षकास खुलासा विचारला जाईल. ऐंशी मुलांच्या वर्गात मात्र निकाल शंभर टक्क्यांवर चढणे किंवा पन्नासावर येणे जवळजवळ अशक्य असते. तो पंचाहत्तरच्या आसपासच फिरत राहतो.

थॉमस केन व डग्लस स्टायगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याच्या शाळांचे गुण तपासून २००२ साली हीच गोष्ट दाखवून दिली. उत्तम म्हणून निवडल्या गेलेल्या शाळांत लहान शाळा अधिक होत्या आणि सर्वांत मागे पडलेल्या शाळांतही लहान शाळाच अधिक होत्या. नुसती पहिली यादी पाहणारा म्हणेल की लहान शाळा चांगल्या. नुसती दुसरी पाहणारा म्हणेल की त्या बंद कराव्यात. दोघांचाही निष्कर्ष उतावीळपणाचा ठरतो.

यावरून व्यवहारात तीन नियम लक्षात ठेवावेत. ज्या वर्गात वीसपेक्षा कमी मुले आहेत, त्याचा निकाल टक्क्यांत न सांगता आठांपैकी पाच असा मुलांच्या संख्येत सांगावा. दुसरे, एका वर्षावरून निष्कर्ष न काढता लागोपाठ तीन वर्षांची मुले एकत्र धरून पाहावे. तिसरे, एका वर्षीच्या यशाने हुरळून जाऊ नये व एका वर्षीच्या अपयशाने खचू नये. मात्र तिसऱ्या वर्षीही तोच दोष दिसल्यास तो योगायोग समजू नये.

पटावर कोण आहेत

संख्येनंतर प्रश्न येतो तो मुलांचा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले. नकाशावर जिल्हे दोन झाले, तरी पश्चिमेचा डोंगर, मधले नदीखोरे व पूर्वेचा कमी पावसाचा पट्टा ही रचना दोहोंत सारखीच आहे. आणि शाळेचा पट या रचनेप्रमाणे बदलतो.

महाबळेश्वर, जावळी व पाटण तालुक्यांचा सह्याद्रीलगतचा भाग आणि शिराळा तालुक्याचा पश्चिम भाग येथे वस्ती विरळ आहे. कोयना व वारणा या नद्यांवरील धरणांमुळे अनेक गावे उठली, काही वाड्या जलाशयाच्या काठी उरल्या. कर्ती माणसे मुंबईस असतात. मागे आजी-आजोबांजवळ राहणारी थोडी मुले शाळेत येतात. येथे पट कमी असण्याचे कारण शिक्षकाचा निरुत्साह नसून गावातील जन्मांची संख्याच कमी असणे हे असू शकते. पावसाळ्यात ओढे भरले की हजेरी तुटते, आणि चार महिन्यांच्या पावसात तुटलेली हजेरी पहिल्या सत्राच्या निकालात उतरते.

कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस, मिरज या भागांत उसाचे पीक व साखर कारखाने आहेत. येथील गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी दारात येते. ज्यांना फी परवडते त्यांची मुले त्या गाडीत बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर राहतात ती शेतमजुरांची, वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची व बाहेरून आलेल्या कामगारांची मुले. अशा गावात दहा वर्षांपूर्वीचा निकाल व आजचा निकाल यांची तुलना करताना, त्या वेळी शाळेत बसणारी घरे आजही तेथे बसतात काय, हे पाहिल्यावाचून शाळा घसरली असे म्हणणे न्यायाचे होत नाही. तसेच गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुले कारखान्याच्या परिसरात असतात. ती या शाळेच्या पटावर नसली, तरी शाळेच्या हद्दीतच असतात.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पूर्वेकडील तालुक्यांत चित्र याच्या उलट असते. दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मेंढपाळांचे वाडे चाऱ्याच्या शोधात फिरतात. खानापूर व आटपाडी भागातील गलाई व्यवसायात असलेली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर विखुरलेली आहेत; त्यांची मुले कधी परप्रांतातील शाळेतून गावी येतात, कधी गावातून तिकडे जातात. जत तालुक्याच्या पूर्व भागात अनेक घरांची बोली कन्नड आहे. तेथे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तथापि मराठी शाळेत बसणारे कन्नड घरचे मूल आरंभी गप्प राहते. त्याचे हे मौन मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. दोन भाषांमधील अंतर ते ओलांडीत असते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ योजनांचे पाणी जेथे पोहोचले, तेथे स्थलांतराचे चित्रही बदलू शकते. म्हणून शिक्षकाने आपल्या तालुक्याविषयी ऐकीव समजुतीवर न विसंबता दरवर्षी आपला पट नव्याने पाहावा.

निकालातून नाहीशी होणारी मुले

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे येणे अवश्य आहे. असे धरा की, एका शाळेत गेल्या वर्षी तिसरीत बारा मुले होती. ती सर्व वर्षभर राहिली व त्यांपैकी नऊ मुलांस वाचता आले. निकाल पंचाहत्तर टक्के. यंदाही जूनमध्ये बाराच मुले होती. दिवाळीनंतर तीन मुले आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेली. एप्रिलमध्ये नऊ मुलांची परीक्षा झाली व आठांस वाचता आले. निकाल सुमारे एकोणनव्वद टक्के. तक्त्यावर शाळा चौदा टक्क्यांनी पुढे गेली. परंतु वाचणारी मुले नवावरून आठावर आली, आणि तीन मुलांचे काय झाले हे तक्त्यास ठाऊकच नाही.

या उदाहरणात कोणीही लबाडी केलेली नाही. हजर मुलांची परीक्षा घेतली व तिचा निकाल नोंदविला, एवढेच झाले. दोष भागाकाराच्या खालच्या संख्येत आहे. जूनमध्ये दाखल असलेल्या मुलांनी भागावयाचे की एप्रिलमध्ये उरलेल्या मुलांनी, यावर उत्तर बदलते. उरलेल्या मुलांनी भागण्याची पद्धत अंगवळणी पडली, तर तिचा एक अनिष्ट परिणाम शिक्षकाच्या मनावरही होतो. मागे पडलेले मूल गैरहजर राहिले की निकाल सुधारतो. म्हणजे ज्या मुलास शाळेची सर्वांत अधिक गरज, त्याचे नसणे शाळेच्या सोयीचे ठरते. ते मूल दोन दिवस आले नाही तर त्याच्या घरी जाण्याची तातडी वाटेनाशी होते. कोणीही शिक्षक हे जाणूनबुजून करीत नाही. पण ज्या मोजमापात कामचुकारपणास बक्षीस मिळते, ते मोजमाप चांगल्या माणसासही हळूहळू आपल्या वाटेने नेते. म्हणून निकालाच्या तक्त्यात जूनचा पट, मध्ये गेलेली मुले, मध्ये आलेली मुले व एप्रिलचा पट या चार संख्या प्रथम लिहाव्यात आणि नंतरच निकाल लिहावा.

जुन्या काळी मुलाचे मागे पडणे नापासांच्या यादीत दिसत असे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला व त्यान्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास एकाच इयत्तेत रोखून ठेवण्यास बंदी झाली. २०१९ सालच्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची व आवश्यक तेथे मुलास त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. लहान मुलास नापासाचा शिक्का बसू नये, हा मूळ तरतुदीचा हेतू योग्यच होता. परंतु त्यामुळे पहिली ते चौथीपर्यंतची जुनी खूण नोंदवहीतून गेली. मागे पडणे मात्र गेले असे नव्हे. चौथीत बसलेले मूल दुसरीचे पुस्तक वाचू शकत नसेल, तर ते कागदावर पुढे गेले आहे आणि प्रत्यक्षात दोन वर्षे मागे आहे. हे फक्त त्याच्या शिक्षकासच दिसू शकते.

दोन शाळांची तुलना

दोन शाळांची तुलना करावयाचीच झाल्यास आरंभाची पातळी पाहणे आवश्यक आहे. नदीकाठच्या एका गावी पहिलीत दहा मुले आली व त्यांपैकी सातांस घरी किंवा अंगणवाडीत अक्षरओळख झालेली होती, असे माना. पूर्वेकडील एका वस्तीवर दहा मुले आली व त्यांपैकी एकासच अक्षरे येत होती. दुसरीच्या अखेरीस पहिल्या शाळेत नऊ मुले वाचू लागली व दुसऱ्या शाळेत सात. अखेरचा आकडा पाहता पहिली शाळा पुढे आहे. परंतु अक्षरे मुळीच न येणाऱ्या मुलांचा विचार केला, तर पहिल्या शाळेने फार तर तीन मुलांस व दुसरीने निदान सहा मुलांस श्रीगणेशापासून शिकविले. दुसऱ्या शाळेतील शिक्षकाचे काम तक्त्यात हरवले आहे. येथे पहिल्या शाळेस दोष देण्याचेही कारण नाही; तिच्यापुढे शिकविण्यास उरलेले काम मुळातच थोडे होते. प्रत्येक शाळेचे माप तिच्या आरंभापासून घ्यावे, इतकेच यातून घ्यावयाचे.

प्रवेशपरीक्षा घेऊन किंवा फी आकारून मुले घेणाऱ्या शाळेच्या निकालाशी, दारात येईल त्या मुलास घेणाऱ्या शाळेचा निकाल ताडून पाहतानाही हीच सावधगिरी हवी. पहिलीने मुले निवडलेली असतात. दुसरीस निवडण्याचा अधिकार नाही व असूही नये. तेच तिचे भूषण आहे.

कोणती नोंद ठेवावी

या सर्वांसाठी नवे रजिस्टर छापून घेण्याची गरज नाही. एका शंभर पानी वहीत प्रत्येक मुलास एक पान दिले म्हणजे पुरे. पानाच्या वरच्या भागात मुलाची घरची बोली, अंगणवाडीत गेले होते की नाही, घरात यापूर्वी कोणी शाळा शिकले आहे काय, घरापासून शाळेचे अंतर, आईवडिलांचे काम व बाहेरगावी जाण्याचे महिने, आणि दृष्टी, श्रवण अगर अन्य काही अडचण असल्यास ती लिहावी. खालच्या भागात जून, ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल अशा चार वेळा त्याला काय येते ते एका वाक्यात लिहावे. अक्षरे ओळखतो, जोडाक्षराशिवायचे शब्द वाचतो, परिच्छेद वाचून अर्थ सांगतो; हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत अडखळतो, अशी नोंद गुणांपेक्षा अधिक उपयोगी पडते. प्रत्येक वेळी हजर दिवसांची संख्या शेजारी लिहावी.

अशी वही वर्षभर ठेवली म्हणजे अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. वाचनात मागे असलेली पाच मुले एकाच वस्तीवरची आहेत असे दिसल्यास त्या वाटेवरील ओढ्याचा विचार करावा लागतो. ती सर्व जानेवारीनंतरच मागे पडली असतील, तर स्थलांतर हे कारण असते. हजेरी पूर्ण असून प्रगती नसेल, तर मात्र शिक्षकाने आपल्या पद्धतीकडे वळले पाहिजे. कारणानुसार उपाय निराळा होतो. सरासरीतून कारण कधीच कळत नाही.

बाहेरगावी जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे व ते जेथे जाणार तेथील शाळेस शक्य तर आगाऊ कळवावे. दाखला मिळण्यास उशीर झाला एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. ते कृष्णाकाठच्या शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावे. कारण माण किंवा जत येथून निघालेले मूल त्याच्याच दारी येण्याचा संभव आहे. घरी राहू शकणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते किंवा कसे, हे शाळा व्यवस्थापन समितीपुढे दिवाळीपूर्वी मांडावे. मूल गेल्यानंतर मांडण्यात अर्थ नाही.

नोंदीचा दुरुपयोग टाळावा

मुलांच्या परिस्थितीची नोंद ही दुधारी असते. तिचा एक दुरुपयोग म्हणजे ती सबब म्हणून पुढे करणे. मुले मजुरांची आहेत, बोली वेगळी आहे, आईबाप अडाणी आहेत, तेव्हा निकाल असाच लागणार, असे म्हणणे म्हणजे नोंद ठेवण्याचा हेतूच उलटा करणे होय. परिस्थिती लिहावयाची ती कोणत्या मुलास अधिक वेळ द्यावा हे ठरविण्यासाठी. त्याच्याकडून कमी अपेक्षा करण्यासाठी नव्हे. दुसरा दुरुपयोग म्हणजे ती वर्गात उघड करणे. कोणाचे वडील काय करतात, कोणाची जात कोणती, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे चारचौघांत वाचून दाखवू नये व त्यावरून मुलांच्या रांगा करू नयेत. साताऱ्याच्या वसतिगृहात पटावर निरनिराळ्या घरची मुले होती, पण पंक्ती एकच होती. आज शालेय पोषण आहाराच्या पंक्तीसही तोच नियम लागू आहे.

वरिष्ठांच्या बाबतीतही एक गोष्ट नमूद करणे योग्य होईल. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत एकत्रीकरण करण्याचा विचार राज्यात पुढे आला व त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, हे प्रमाण शिक्षण हक्काच्या नियमांत आहे. एखादी शाळा ठेवावी की जवळच्या शाळेत मिळवावी, याचा निर्णय करताना पटाचा आकडा सर्वांपुढे असतोच. त्या आकड्यातील प्रत्येक मूल दुसऱ्या शाळेत खरोखर पोहोचेल काय, वाटेत कोणता ओढा, घाट किंवा महामार्ग आहे, आणि कोणत्या मुली घरी बसविल्या जातील, हे सांगू शकणारी व्यक्ती एकच असते व ती म्हणजे त्या शाळेचा शिक्षक. त्याच्याजवळ नावानिशी लिहिलेली वही असेल, तर त्याच्या म्हणण्यास वजन येते. नसेल, तर त्याचे म्हणणे केवळ गाऱ्हाणे ठरते.

लहान शाळेची अडचण व तिचे बळ एकाच गोष्टीत आहे. तेथे मुले इतकी थोडी असतात की त्यांची सरासरी काढणे निरर्थक होते. आणि इतकी थोडी असतात की प्रत्येकाला नावाने ओळखता येते. दोनशे मुलांच्या शाळेतील मुख्याध्यापकास जे साधत नाही, ते द्विशिक्षकी शाळेत एका संध्याकाळी साधते. तेव्हा येत्या जूनमध्ये प्रवेशोत्सव झाल्यावर पहिल्या आठवड्यातच वही घालावी, पटावरील पहिल्या मुलापासून आरंभ करावा आणि एप्रिलमध्ये निकालपत्रक भरण्यापूर्वी त्या वहीतील एकही पान अर्धे राहिलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.